'माँटे क्रिस्टो' पहिल्यांदा बघताय? आधी एक कोरा कागद घ्या

गेल्या वर्षी रविवारी दुपारी आमच्याकडे सगळ्यांनी मिळून 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' लावला. २०२४ सालचा, फ्रेंच, जवळपास तीन तासांचा. मी आलेक्सांद्र द्यूमाची मूळ कादंबरी वाचलेली, त्यामुळे 'तुम्ही बसा, मी सांगते' असं छातीठोकपणे म्हणून बसले होते. तासाभरात सासऱ्यांनी चौथ्यांदा विचारलं, "अगं, हा कोण आता?" मी म्हटलं, "बाबा, तोच तो, मघाचा." ते म्हणाले, "मघाचा तर खलाशी होता." नवरा फोनमध्ये शिरला, मुलगी झोपली, आणि मी एकटी पुढचा दीड तास टीव्हीला कथेचा सारांश सांगत राहिले.

चूक चित्रपटाची नव्हती. या गोष्टीत प्रत्येक माणूस दोनदा जन्मतो: आधी साध्या नावाने, मग पदवी लावून. त्यात नायक स्वतः तीन-चार सोंगं घेतो. फ्रेंच प्रेक्षकांना ही नावं शाळेपासून ठाऊक असतात, आपल्याला नसतात. महिन्याभराने आम्ही तोच चित्रपट पुन्हा लावला, या वेळी तयारीनिशी, आणि बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. ती तयारी खाली देते आहे.

आधी जमवून ठेवा

- तीन तासांची सलग सवड (जेवण झाल्यावर नको, अनुभवाचे बोल)
- एक कोरा कागद आणि पेन
- फ्रेंच आवाज आणि वाचता येतील अशी सबटायटल्स
- भूमध्य समुद्राचा नकाशा, फोनवरचा चालेल. मार्सेय, एल्बा आणि माँटे क्रिस्टो एवढी तीन ठिकाणं आधी शोधून ठेवा.
- सोबत लहान मुलं असतील तर थोडा विचार. गोष्टीत नवजात बाळाला जिवंत पुरण्याचा प्रसंग आहे.

पायरी १: नक्की कोणता चित्रपट, ते ठरवा

पहिला खड्डा इथेच. याच नावाचे इतके चित्रपट आणि मालिका आहेत की शोधताना हमखास भलतंच हाती लागतं. मी स्वतः हॉस्टेलमध्ये असताना २००२ सालचा इंग्रजी चित्रपट बघून 'मी माँटे क्रिस्टो पाहिलाय' असं पाच वर्षं सांगत फिरले होते. तो केविन रेनॉल्ड्सचा. जिम कॅव्हिझेल नायक, गाय पिअर्स खलनायक, आणि तुरुंगातल्या पाद्र्याच्या भूमिकेत रिचर्ड हॅरिस. सव्वादोन तासांच्या आत संपतो, तलवारबाजी झकास आहे, पण शेवट सरळ गोड करून टाकलाय. कादंबरीतल्या मुलाच्या जन्माचं कोडंही त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलंय. पावसाळ्यात भजी खात बघायला उत्तम. मात्र त्यावरून कादंबरीची कल्पना करू नका.

जुन्यांपैकी १९३४ चा रॉबर्ट डोनॅटचा, १९५४ चा जाँ मारेचा आणि १९७५ चा रिचर्ड चेंबरलेनचा, हे तिन्ही आजही लोक आवडीने बघतात. १९९८ मध्ये जेरार देपार्द्यूची चार भागांची फ्रेंच मालिका आली. २०२४ मध्येच बिल ऑगस्टने दिग्दर्शित केलेली आठ भागांची इंग्रजी मालिकाही आली. तीत सॅम क्लॅफ्लिन नायक आहे आणि जेरेमी आयर्न्स पाद्री. म्हणजे सालसुद्धा एकच! गोंधळ होणारच.

हा लेख ज्या चित्रपटाबद्दल आहे त्याची ओळख अशी: दिग्दर्शक मात्यू देलापोर्त आणि आलेक्सांद्र द ला पातेलिएर, नायक पिएर निने, लांबी १७८ मिनिटं. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला, जून अखेरीस फ्रान्समध्ये लागला आणि तिथे त्याची ९० लाखांहून जास्त तिकिटं खपली. लावण्याआधी दिग्दर्शकांची नावं आणि लांबी एवढं बघा. पोस्टरवर विश्वास ठेवू नका. काळा डगला घातलेला पाठमोरा माणूस सगळ्याच पोस्टरांवर असतो.

पायरी २: फेब्रुवारी १८१५, दहा मिनिटांत

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग 'एका चिठ्ठीवरून एवढी शिक्षा?' असं विचारत बसतात. तेव्हा थोडं सोसा.

नेपोलियनने १८१४ च्या एप्रिलमध्ये गादी सोडली. त्याला एल्बा नावाच्या लहानशा बेटावर पाठवलं आणि पॅरिसमध्ये जुन्या घराण्याचा अठरावा लुई राजा झाला. सरकारी कचेऱ्यांत कालचे बादशहाचे चाकर आज राजाचे चाकर झाले होते, आणि प्रत्येकाला भीती एकच: आपलं कालचं उघडं पडेल.

आता कादंबरीतल्या आणि इतिहासातल्या तारखा शेजारी ठेवून बघा. २४ फेब्रुवारी १८१५ ला गोष्टीचा नायक, तरुण खलाशी दांतेस याचं जहाज मार्सेय बंदरात शिरतं. २६ ला नेपोलियन एल्बाहून गुपचूप निसटतो. २८ ला एल्बाहून आणलेल्या एका चिठ्ठीवरून दांतेसला अटक होते. १ मार्चला नेपोलियन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतो आणि २० मार्चला पॅरिसमध्ये पुन्हा बादशहा! तीन महिने जेमतेम होतात तोच १८ जूनला वॉटर्लू, आणि पुन्हा राजा.

म्हणजे एल्बाहून आलेली चिठ्ठी खिशात असणं २८ फेब्रुवारीला राजद्रोह होता आणि तीन आठवड्यांनी तोच पराक्रम ठरला असता. कादंबरीत याचा एक भयंकर तपशील आहे. नेपोलियन परतल्यावर दांतेसचा मालक मोरेल त्याच्या सुटकेसाठी अर्ज करतो आणि त्यात त्याची नेपोलियननिष्ठा फुगवून लिहितो. अर्ज घेणारा सरकारी वकील विलफोर तो पुढे पाठवतच नाही, नुसता जपून ठेवतो. वॉटर्लूनंतर तोच अर्ज दांतेसविरुद्धचा पुरावा होतो. कोठडीच्या नोंदवहीत शेरा पडतो: कडवा नेपोलियनवादी, कडक एकांतात ठेवावा. पुढे तपासणीला आलेला अधिकारी तो शेरा वाचून 'काही करता येत नाही' असं खाली लिहितो आणि निघून जातो. सरकारी फाइल ज्यांनी कधी हलवून पाहिली आहे, त्यांना यात परकं काहीच वाटणार नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून आणखी एक: दांतेस कोठडीत असतानाच इकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

पायरी ३: कागदावर नावं लिहा

आता तो कोरा कागद. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. एवढंच लिहायचंय, जास्त लिहिलंत तर मजा जाईल.

एदमों दांतेस: जहाजावरचा तरुण खलाशी. नंतर माँटे क्रिस्टोचा काउंट, शिवाय वेळ पडेल तशी इतर सोंगं.

मेर्सेदेस: त्याची वाग्दत्त वधू. नंतर मोर्सेर्फची काउंटेस.

फेर्नां: मेर्सेदेसवर डोळा असलेला. नंतर मोर्सेर्फचा काउंट. कादंबरीत हा गरीब कोळी आहे. चित्रपटात मात्र पहिल्यापासून खानदानी घरातला, मेर्सेदेसचा चुलतभाऊ आणि दांतेसचा मित्र. हा बदल कागदावर ठळक लिहा.

दांग्लार: कादंबरीत जहाजाचा हिशेबनीस, चित्रपटात कप्तान. नंतर पॅरिसचा गडगंज सावकार.

विलफोर: मार्सेयचा सरकारी वकील. नंतर पॅरिसचा.

आल्बेर: फेर्नां आणि मेर्सेदेसचा मुलगा.

आयदे आणि आंद्रेआ: काउंटच्या सावलीतली दोन तरुण माणसं. ही दोघं कोण, ते चित्रपटच सांगेल. कागदावर नुसती नावं लिहून पुढे जागा सोडा.

आबे फारिया: तुरुंगातला म्हातारा पाद्री. 'आबे' हे नाव नव्हे, फ्रेंचमध्ये पाद्र्याला असं म्हणतात. याच्यापुढे कंसात 'गोवा' लिहा. का, ते नंतर.

आमच्या घरी हा कागद चहाच्या ट्रेखाली दाबून ठेवला होता. बाबा दर पंधरा मिनिटांनी चष्मा लावून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे.

पायरी ४: कान आणि डोळे जुळवा

सबटायटलमध्ये नाव एक दिसतं आणि कानावर दुसरंच पडतं. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं बरेचदा गिळतात. इंग्रजीत 'डांग्लार्स' वाचाल, ऐकू येईल 'दांग्लार'. 'विलेफोर्ट' दिसेल, ऐकाल 'विलफोर'. 'दांतेस'मधला स मात्र उच्चारतात, कारण नियम करायचा आणि लगेच मोडायचा ही त्या भाषेची आवड आहे. 'शातो दिफ' म्हणजे इफचा किल्ला, दांतेसचा तुरुंग. 'दिफ' हे वेगळं गाव शोधत बसू नका, मी बसले होते.

डब केलेली आवृत्ती मिळाली तरी मोह टाळा. यातल्या सोंगांची अर्धी गंमत आवाजात आहे. निने वेषाबरोबर बोलण्याची लय आणि हेलही बदलतो. एकाच आवाजात सगळं ऐकलंत तर शत्रू इतके कसे फसतात, हा प्रश्न पडेल आणि तो रास्तच असेल.

पायरी ५: मध्यंतर कुठे घ्यायचं

आपल्याला मध्यंतराची सवय, फ्रेंच चित्रपटाला ती जागाच नाही. घड्याळ बघून थांबवू नका. दांतेसला माँटे क्रिस्टो बेटावर खजिना सापडतो तिथे थांबवा. तिथे एक माणूस संपतो आणि दुसरा सुरू होतो. चहा ठेवा, कागदाची उजवी बाजू पुन्हा एकदा वाचा, मग पॅरिसमध्ये शिरा.

पायरी ६: पूर्वार्धात घाई करू नका

सुडाचा चित्रपट म्हटल्यावर लोक सूड कधी सुरू होतो याची वाट बघतात आणि पूर्वार्ध 'पुढे ढकला' करतात. सगळ्यात मोठी चूक ती. मला विचाराल तर गोष्टीचं काळीज कोठडीतच आहे.

चित्रपट सुरूच समुद्रात होतो. बुडत्या माणसांमधून एका तरुणीला वाचवायला दांतेस कप्तानाचा हुकूम मोडून पाण्यात उडी घेतो. कादंबरीत असं काही नाही. तिथे कप्तान आजाराने वाटेतच मेलेला असतो आणि दांतेस शांतपणे जहाज घेऊन येतो. पण पटकथाकारांनी ही उडी हुशारीने घातली आहे. एका फटक्यात त्याचा स्वभावही कळतो आणि त्याचा शत्रूही तयार होतो. आणि ही पाण्यातली उडी लक्षात ठेवा, पुढे समुद्र पुन्हा येणार आहे.

मग कोठडी. चौदा वर्षं. वाट चुकलेल्या भुयारातून शेजारच्या कैद्याचं डोकं वर येतं आणि गोष्ट श्वास घेऊ लागते. कादंबरीतला फारिया हा भाग फार बारकाईने सांगतो. त्याने समुद्राच्या दिशेने भुयार खणायला घेतलेलं, पण मोजमाप चुकलं आणि तो पोचला दुसऱ्या कोठडीत. माशाच्या काट्यापासून त्याने बोरू केलेला, काजळी वाइनमध्ये कालवून शाई केलेली, आणि सदरे फाडून त्यांच्या पट्ट्यांवर आख्खा ग्रंथ लिहिलेला. दांतेसला तो भाषा, गणित, इतिहास शिकवतो. चित्रपटात इटालियन नट पिएरफ्रांचेस्को फाविनोने हा म्हातारा असा उभा केलाय की तो पडद्यावरून गेल्यावर चुटपुट लागते.

इथे एक जागा अजिबात चुकवू नका, पुस्तकात तर नाहीच. दांतेसला आपल्याला कोणी अडकवलं ते कळलेलं नसतं. फारिया दोन-चार साधे प्रश्न विचारतो: तू नसलास तर फायदा कुणाचा? तुझी जागा कुणाला हवी होती? तुझी वाग्दत्त वधू कुणाला? बघता बघता तिन्ही नावं समोर येतात. आणि पुढच्याच क्षणी म्हातारा हळहळतो, की मी तुला मदत केली हे चुकलंच, तुझ्या मनात नव्हती ती गोष्ट मी पेरली: सूड. हे ऐकून मगच उत्तरार्ध बघा. काउंटच्या प्रत्येक विजयाला त्या हळहळीची किनार दिसेल.

सुटकेचा प्रसंग तुम्हाला ऐकून माहीत असेल, तरी सांगते. मेलेल्या कैद्याच्या जागी दांतेस स्वतः गोणपाटात शिरून पडतो. त्याला वाटतं, मातीत पुरतील, माती उकरून निघू. त्याला उचलतात, झुलवतात आणि पायाला छत्तीस पौंडांचा तोफगोळा बांधून कड्यावरून खाली फेकतात. या किल्ल्याचं कब्रस्तान म्हणजे समुद्र, हे त्याला हवेत असताना कळतं. दिवे मालवून बघा.

पायरी ७: पॅरिस, मुखवटे आणि कपडे

इथून चित्रपट वेग घेतो आणि कागदाचं खरं काम सुरू होतं. चेहऱ्यापेक्षा हातांकडे, चालण्याकडे बघा. निने काउंट म्हणून बसतो तेव्हा जवळजवळ हलतच नाही. चौदा वर्षं दगडी खोलीत काढलेला माणूस असा बसेल, हे पटतं.

कपडे आणि घरं निवांत बघा. २०२५ च्या सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांसाठी चित्रपटाला १४ नामांकनं होती, मिळाले दोन: वेशभूषेसाठी आणि नेपथ्यासाठी. दोन्ही रास्त. सुरुवातीच्या मार्सेयचं ऊन, मीठ, कापड एका बाजूला आणि पॅरिसच्या दालनांमधला काळोखी थाट दुसऱ्या बाजूला. संवाद कळला नाही तरी माणूस किती दूर गेलाय हे रंगावरून कळतं.

या भागातला माझा आवडता प्रसंग शिकारघरातल्या जेवणाचा नाही (तोही जबरदस्त आहे), तर मेर्सेदेस त्याला ओळखते की नाही हे आपल्याला नेमकं कळत नाही, त्या शांततेचा आहे. आनाइस देमुस्तिए तिथे जवळजवळ काहीच करत नाही. बघाच.

सापळा: 'हा आता कोणाला मारणार?' असं मोजत बसू नका. काउंट स्वतः क्वचितच हात उचलतो. सावकाराला तो पैशाने पाडतो, वकिलाला कायद्याने, सरदाराला अब्रूने. ज्याने ज्याच्या जोरावर वर चढाई केली, त्याला त्याच शिडीवरून खाली आणतो.

पायरी ८: पुस्तक आणि चित्रपट यांतले फरक (चित्रपट बघितला नसेल तर ही पायरी सोडा)

मूळ कादंबरीत ११७ प्रकरणं आहेत. तीन तासांत ती मावणं शक्यच नाही, त्यामुळे कात्री कडक चालली आहे. मालकाचा मुलगा माक्सिमिलियाँ आणि विलफोरची मुलगी वालांतीन यांचं प्रेमप्रकरण, घरातले विषप्रयोग, सगळं गेलं. लकव्याने आडवा झालेला, नुसत्या पापण्यांनी बोलणारा विलफोरचा बाप न्वार्तिए गेला. मला याचं सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण तो म्हातारा कादंबरीतला एक नंबरचा माणूस आहे. त्याच्या जागी चित्रपटात विलफोरची बहीण आँजेल येते. सुरुवातीला समुद्रातून वाचवलेली तरुणी तीच.

शेवटही बदललाय. कादंबरीत फेर्नांची अब्रू जाते, बायको आणि मुलगा घर सोडतात आणि तो गोळी झाडून घेतो. चित्रपटात त्याची आणि दांतेसची तलवारीने समोरासमोर गाठ पडते, आणि दांतेस त्याला जिवंत सोडतो. तलवारी खणखणल्या म्हणजे प्रेक्षक खूश, हे मान्य. पण कादंबरीतला फेर्नां खिडकीतून बायको-मुलाची बग्गी जाताना बघतो, ती शिक्षा मला जास्त जिव्हारी लागते. आयदेचा शेवटही वेगळा आहे. पुस्तकात ती काउंटबरोबर जाते, चित्रपटात तरुण आल्बेरबरोबर. हा बदल मात्र मला पूर्ण पटला.

पायरी ९: फारियाला पणजीत भेटा

आता तो कंसातला 'गोवा'. कादंबरीतला फारिया इटालियन आहे, पण नाव आणि थोडं वलय ज्याच्याकडून घेतलं तो खरा माणूस बारदेसमधल्या कांदोळीचा: जुझे कुस्तोदियू द फारिया, जन्म १७५६. वडिलांबरोबर पोरवयात लिस्बनला गेला, रोममध्ये शिकला, पाद्री झाला. पुढे फ्रान्समध्ये राहिला आणि मार्सेयच्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवत होता. म्हणजे ज्या गावात दांतेसची गोष्ट सुरू होते, त्याच गावात खरा फारिया चार वर्षं आधी फळ्यासमोर उभा होता. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये लोकांना झोपवून दाखवायचा. त्या काळी समज असा, की झोपवणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी शक्ती वाहते. फारिया म्हणाला, तसं काही नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्याच मनात होतं. संमोहनाच्या इतिहासात त्याचं नाव यासाठी घेतात. १८१९ मध्ये तो पॅरिसमध्येच वारला.

त्याची एक गोष्ट गोव्यात सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि एवढे बडे लोक बघून त्याची वाचाच बसली. मागून वडील कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." पोराची भीती पळाली आणि प्रवचन सुरू झालं. मी नोकरीत पहिल्यांदा साहेबांसमोर उभी राहिले तेव्हा हे वाक्य मनात म्हटलं होतं, उपयोग झाला.

पणजीला गेलात तर मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या (म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या) शेजारी त्याचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. दोन्ही हात पुढे ताणलेला झगेवाला पाद्री, आणि त्याच्यापुढे मागे कोसळत चाललेली बाई. येणारेजाणारे त्याला काहीबाही समजतात. एकदा एका टॅक्सीवाल्याने मला 'भूत उतरवणारा पाद्री' म्हणून दाखवला होता. पुतळ्याभोवती एक चक्कर मारा. बाजूने बघितल्यावर त्या बोटांमधला ताण दिसतो.

पायरी १०: पुस्तक हातात घ्यायचंच असेल तर

आलेक्सांद्र द्यूमाने ही कादंबरी ओग्युस्त माकेच्या मदतीने लिहिली. ऑगस्ट १८४४ ते जानेवारी १८४६ या काळात ती 'जूर्नाल दे देबा' या वृत्तपत्रात क्रमशः येत होती. हे ध्यानात ठेवून वाचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवलेलं असतं, कारण वाचकाने उद्याचा अंक घ्यायला हवा. एका बैठकीत शंभर पानं वाचायची गोष्ट ही नव्हे. मी रोज लोकलमध्ये एक-दोन प्रकरणं अशी वाचली आणि तीच चाल योग्य वाटली.

विकत घेताना पानं मोजा. दोनशे-तीनशे पानांत आटोपलेलं कोणतंही पुस्तक संक्षिप्त असतं, मुखपृष्ठावर लिहिलेलं असो वा नसो. इंग्रजीत रॉबिन बसचा १९९६ चा अनुवाद संपूर्ण आहे आणि आजच्या भाषेत आहे. १८४६ चा जुना इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतो, पण त्यात त्या काळच्या सोवळेपणामुळे काही जागा सौम्य केल्या आहेत.

आणि एक धोक्याचा कंदील: ३१ व्या प्रकरणापासून गोष्ट अचानक इटलीत जाते. दोन नवेच तरुण, रोमचा कार्निव्हल, दरोडेखोर, आणि आपला दांतेस कुठे दिसेना! निम्मे वाचक पुस्तक इथे मिटतात. मीही मिटलं होतं, दोन महिने. ४० व्या प्रकरणापर्यंत दम धरा, तोवर तुम्ही पॅरिसमध्ये पोचलेले असता आणि त्या तरुणांपैकी एक आपल्या कागदावरचाच आल्बेर, म्हणून कागद पुन्हा हाती घ्यावासा वाटतो.

जाता जाता: कुणी फ्रान्सला चाललं असेल तर

मार्सेयच्या जुन्या बंदरातून इफच्या बेटावर बोटी जातात. किल्ला सोळाव्या शतकातला, १५२४ ते १५३१ मध्ये बांधलेला, आणि तिथे एका कोठडीला चक्क दांतेसचं नाव दिलेलं आहे, जणू तो खरंच राहून गेला. वारा जोराचा असेल तर बोटी बंद ठेवतात, म्हणून मुक्कामाचा शेवटचा दिवस यासाठी ठेवू नका आणि सकाळीच धक्क्यावर चौकशी करा.

बेटावर उभं राहिल्यावर आणखी एक आठवा. किल्ला व्हायच्या आधी, १५१६ मध्ये, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा इथे एक प्राणी बघायला आला होता. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना दिलेला, गोव्याहून जहाजावर चढवून लिस्बनला नेलेला आणि तिथून पोपला भेट म्हणून निघालेला गेंडा. पोर्तुगीज त्याला 'गांडा' म्हणत, आपलाच शब्द. रोमला तो पोचलाच नाही, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. साखळीने बांधलेला होता, पोहता आलं नाही.